गूळखाऊ ऋषींची कपार

अख्ख्या अकोले तालुक्यात माझ्याइतकी सफाईदार थाप मारणारा दुसरा माणूस नाही. एका थापेत दुसरी थाप अशी बसवतो की सांधा दिसायचा नाही. आजवर मला कुणी पकडलेलं नाही.

म्हणजे, दिवाळीपर्यंत पकडलेलं नव्हतं. दिवाळीनंतर पकडलं, आणि असं पकडलं की... थांबा, आधी चहा घ्या. गार झाला तर आमची सखुबाई पुन्हा करून द्यायची नाही, आणि हा किस्सा सुरू झाला की घशाला कोरड पडते. तुमच्या नाही, माझ्या.

मी किसन. गावात किसनआबा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. त्यातही चौथीत दोनदा बसलो. पहिल्या वर्षी मी नापास झालो आणि दुसऱ्या वर्षी मास्तरांनी बदली मागून घेतली. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठं शब्द घसरला तर त्या मास्तरांना धरा.

धरणाच्या काठाला आमचं घर. पोराचं नाव भाऊसाहेब. त्यानं एक लाँच घेतलीय, मोटारीची, वर निळं छप्पर, खाली वीस माणसांना बसायला बाकडी. रस्त्याला पाटी ठोकलीय, ‘निसर्गरम्य खाड्या व प्राचीन गुहा. एकदिवसीय सफर. गाईड व जेवणासह.’ आता आपल्या नगर जिल्ह्यात खाडी कुठून आली? तर ते आमचे जुने ओढे. पावसाळा सरेस्तोवर धरणाचं पाणी चढत चढत दोन डोंगरांच्या मधल्या ओढ्यात शिरतं आणि ओढ्याची खाडी होते. शेजारचा गणपा पुण्याला कंपनीत लागल्यावर गणेशसर झाला, त्यातलाच प्रकार. आणि प्राचीन गुहा म्हणजे कड्यातल्या कपारी. लहानपणी आम्ही शेरडं घेऊन त्यात बसायचो. शेरडांना काही त्या प्राचीन वाटल्या नाहीत.

पण पुण्या-नाशकाची माणसं येतात, दिवसभर पाण्यावर फिरतात, कपारीच्या तोंडाशी फोटो काढतात, पिठलं-भाकरी खातात आणि खूश होऊन जातात. गाईडचं काम भाऊसाहेब स्वतःच करतो. मला करू देत नाही. एकदाच दिलं होतं. तेव्हा मी एका बाईंना सांगितलं की इथल्या माशांना मराठीच कळतं, हिंदीत हाक मारली तर ते वर येत नाहीत. बाई अर्धा तास पाण्याकडं वाकून ‘या रे या, या रे या’ करत होत्या. तेव्हापासून माझी नेमणूक काठावर.

तर झालं असं, की नातीचं लग्न निघालं. कावेरी तिचं नाव. संगमनेरला दवाखान्यात नर्स आहे. तिथंच रक्त तपासणारा एक मुलगा, नेवाशाकडचा. दोघांनी एकमेकांना पसंत करून टाकलं होतं. आम्हा थोरामोठ्यांना फक्त मुंड्या हलवायच्या होत्या. मुलाच्या आईबापांनी हलवल्या, आम्ही तर तिनं सांगायच्या आधीपासून हलवत होतो. राहिली एकच मुंडी, मुलाच्या आजोबांची. त्यांना नाना म्हणतात.

या नानांचं एकच खूळ. दारू. म्हणजे प्यायचं नव्हे, न प्यायचं. ज्या घराला दारूचा वास आला त्या घरचं ते पाणीसुद्धा घेत नाहीत. थोरल्या नातवाचं जमत आलेलं लग्न त्यांनी सुपारी फोडताना मोडलं होतं, का, तर मुलीच्या मामाच्या तोंडाला वास आला. आणि त्यांच्या घरात नानांच्या पुढं कुणी बोलत नाही. नाना म्हणाले ‘चला’ की चला, नाना उठले की लग्न उठलं.

कावेरीनं मला आदल्या दिवशी अंगणात बसवलं आणि दम भरला. “आबा, उद्या पाहुणे घर बघायला येतायत. उद्याचा एक दिवस थापा नाहीत. माझ्या आयुष्याचा प्रश्न हाय. घ्या शपथ.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. खरी घेतली हो. मला नात जिवापेक्षा प्यारी आहे. आणि माझ्या घरात दारूचा वास यायचं कारणच नव्हतं. आज.

कालचं म्हणाल तर... ते पुढं येतंय.

सकाळपासून सखुबाईनं घर असं घासलं की माझ्यावरही एकदा फडकं फिरवलं. सगळं साफ झालं, एक सोडून. गोठ्यातल्या कोनाड्यात एक जुनी खाकी टोपी उलटी ठेवलेली आहे आणि तिच्यात आमची तांबडी कोंबडी अंडी घालते. सखुबाई म्हणाली, आज तरी ती घाण काढा. मी म्हटलं, अगं खुडूक बसलीय, उठवली तर सगळी अंडी वाया जातील. राहिली टोपी. ती कुठली, कुणाची, ते सांगतो. माझी नाही, एवढं आत्ता ध्यानात ठेवा.

पाहुणे आले. पाच-सहा माणसं होती, पण तुम्हाला दोघंच लागतात, नाना आणि त्यांची बायको, माई. माई म्हणजे अगदी लोण्याचा गोळा. दारात आल्या आणि तुळशीला हात जोडले, म्हशीला हात जोडले, आमच्या पाण्याच्या टाकीवर स्वस्तिक काढलंय त्यालाही जोडले. नाना त्यांच्या उलट. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, चष्म्याला दोरी. बोलणं काही नाही. मध्यस्थानं एवढंच सांगितलं होतं, की सरकारी नोकरीतून रिटायर झालेत. मी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि मनात म्हटलं, मास्तर. शंभर टक्के मास्तर. चौथीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला मास्तर ओळखता येणार नाही?

“या गुरुजी,” मी म्हटलं.

“हं,” नाना म्हणाले.

झालं. त्यांनी नाही म्हटलं नाही, मी विचारलं नाही. दिवसभर मी त्यांना गुरुजी म्हणत राहिलो आणि त्यांच्या घरचे मान हलवत राहिले, त्यांना वाटलं की आमच्याकडं वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात.

बेत असा होता, की पाहुण्यांना दिवसभर लाँचमधून फिरवायचं, खाड्या दाखवायच्या, पलीकडच्या काठाला जेवण करायचं आणि चहाला घरी यायचं. भाऊसाहेबाची ऐट कळली म्हणजे अर्धं काम फत्ते. पण त्या दिवशी उजाडताच भाऊसाहेबाची दाढ सुजली. अशी सुजली की गालाचं एका बाजूला कलिंगड झालं. वरून गळपट्टा बांधलेला. इंजिन चालवायला हात मोकळे होते, पण तोंड उघडेना. मग गाईड कोण?

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कावेरीनं जरा जास्तच पाहिलं.

“नुसती नावं सांगा, आबा,” ती हळूच म्हणाली. “हा डोंगर, ही खाडी. पुढं काही न्हाई.”

मी म्हटलं, बरं. आणि खरंच सांगतो, पहिली खाडी येईपर्यंत मी नुसती नावंच सांगितली. हा अमुक डोंगर. हा तमुक सुळका. ऊन कोवळं होतं, पाणी आरशासारखं, दोन्हीकडून कडे उतरलेले, सगळे गप्प होऊन बघत होते. एवढं छान होतं की मला भयंकर कंटाळा आला.

मग वाटेत बेट लागलं. बेट म्हणजे आमची जुनी मारुतीची टेकडी. धरणानं बाकी सगळं गिळलं, माथा तेवढा वर राहिला. त्यावर माकडं असतात. माईंनी विचारलं, “काय खात असतील हो बिचारी?”

“शनवारी काय बी न्हाई,” मी म्हटलं. “मारुतीचा उपास असतो त्यांचा.”

शपथ मोडायची म्हणून नाही, निघून गेलं तोंडातून. शिंक येते तसं. मला वाटलं माई हसतील. माई हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “निरंकार, का फळं चालतात?”

आता तुम्ही सांगा, इतकं निर्मळ गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना माणसानं काय करावं? मी म्हटलं, म्हाताऱ्या माकडांना फळं चालतात, तरण्यांना कडक असतो. सखुबाईनं मागून माझ्या पाठीला असा चिमटा काढला की लाँच हलली. कावेरीनं कपाळाला हात लावला. नाना पाण्याकडं बघत होते. “हं,” एवढंच म्हणाले.

तिथं थांबायला पाहिजे होतं. मला माहीत आहे हो. पण लाँच थांबली नाही, मी तरी कसा थांबणार?

दुसऱ्या खाडीच्या टोकाला कपारी सुरू होतात. पहिल्या दोन लहान, नुसती वटवाघळं. तिसरी मोठी. दिवाळीच्या सुमाराला पाणी बरोबर तिच्या उंबऱ्याला लागतं आणि लाँच थेट तोंडाशी उभी राहते. भाऊसाहेब तिथं पाहुण्यांना कधी उतरवत नाही, लांबूनच दाखवतो. पण माईंना आत काळोखात काहीतरी दिसलं आणि त्या म्हणाल्या, आपण उतरू या. भाऊसाहेबानं नको म्हणून मान हलवली. माईंना वाटलं, दाढ दुखतेय.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ती आमची भट्टीची कपार.

पंचेचाळीस वर्षं झाली. मी तरणाबांड होतो, लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, अंगात मस्ती आणि डोक्यात काही नाही. गूळ आणि नवसागर मडक्यांत कुजवायचा, तीन दगडांच्या चुलीवर चढवायचा आणि हातभट्टीची पाडायची. जागा मोठी सोयीची होती. कपारीच्या छताला एक भोक आहे, त्यातून धूर वर निघून जायचा. एका दुपारी दारूबंदी खात्याचे दोन जवान येऊन धडकले. पहिला आत घुसला आणि कपारीच्या तोंडाशी जो खाली आलेला दगड आहे, त्याच्यावर त्याचं डोकं काडकन आपटलं. तो मटकन खाली बसला आणि त्याची टोपी घरंगळत माझ्या पायाशी आली. मी ती उचलली आणि छताच्या भोकातून वर पसार. तो पठ्ठ्या उठून माझ्या मागं भोकात शिरला, पण कमरेपाशी अडकला. निम्मा वर, निम्मा खाली, आणि दुसरा जवान खालून त्याचे पाय ओढतोय. मग मी काय केलं असेल? मी ती टोपी डोक्याला घातली, त्याच्यासमोर पाय जुळवले आणि एक सलाम ठोकून पळालो.

तीच ती टोपी. कोंबडीखालची.

पुढं भट्टी बंद झाली, पण चूल, फुटकी मडकी, काळं छत, सगळं तसंच राहिलं. आणि पंचेचाळीस वर्षांनी त्या चुलीपाशी उभ्या राहून माई मला विचारत होत्या, “आबा, हे छत इतकं काळं कशानं झालं?”

खरं सांगावं तर लग्न मोडणार. गप्प बसावं तर संशय. तिसरा रस्ता मला जन्मजात येतो.

“होमाचा धूर,” मी म्हटलं. “हितं एक ऋषी तप करीत हुते.”

माईंचे हात आपोआप जुळले. सखुबाईनं डोळे मिटले, भक्तीनं नव्हे. इतक्यात बाकीचे पाहुणे आत येत होते आणि एकेक जण त्या खाली आलेल्या दगडावर डोकं आपटत होता. तिथं सगळेच आपटतात, पुण्याचे लोक तर दोनदा आपटतात. नाना तेवढे अंधारात बरोबर त्या जागी वाकले, आत आले आणि सरळ झाले. मला तेव्हा वाटलं, मास्तर लोक जपून असतात.

माई विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. ऋषी खायचे काय? म्हटलं, गूळ. बारा महिने नुसता गूळ, पोत्यांनी. इतका गूळ आणायचं कोण? भक्त आणायचे. भक्त पुष्कळ होते का? म्हटलं, विचारू नका, पाच-पाच कोसांवरनं यायचे. येताना सरळ यायचे, जाताना डुलत जायचे. कुणी गाणी म्हणायचा, कुणी वाटेतच आडवा पडून राहायचा, घरचं भान राहायचं नाही.

माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “अशी भक्ती आता राहिली न्हाई,” त्या म्हणाल्या.

आणि बघता बघता प्रकार हाताबाहेर गेला. माईंनी चुलीच्या दगडावरची काजळी बोटाला घेतली आणि अंगारा म्हणून कपाळाला लावली. मग मुलाच्या बापाला लावली. मग कावेरीला. कावेरी माझ्याकडं असं बघत होती की मी छताकडं बघायला लागलो. पाच मिनिटांत सगळा वऱ्हाडी ताफा कपाळाला हातभट्टीची काजळी लावून उभा. नानांनीही लावून घेतली, मुकाट्यानं. पदरात माईंनी एक खापराचा तुकडा बांधला, म्हणाल्या, ऋषींच्या मडक्याचा आहे, देव्हाऱ्यात ठेवीन. आणि वर जाहीर केलं, की लग्नाची पहिली पत्रिका याच कपारीत ठेवायची आणि मांडवात प्रत्येक पानाला इथला प्रसाद म्हणून गूळ वाढायचा.

हे आवरायला पाहिजे, हे मला कळत होतं, खोटं नाही सांगत. पण, काय सांगू, गुदगुल्याही होत होत्या.

तेवढ्यात नाना बोलले. सकाळपासून पहिल्यांदा.

“ऋषी म्हटल्यावर राक्षस बी आले असतील तप मोडायला.”

आता मास्तर स्वतः प्रश्न विचारतोय! मला चौथीत कधी कुणी इतक्या आदरानं प्रश्न विचारला नव्हता. माझी कळी खुलली. म्हटलं, आले हुते तर! दोघं आले, खाकी कापडं घालून. नाना म्हणाले, “असं?” म्हटलं, व्हय, त्यातला एक दांडगा पुढं घुसला, या दगडावर टाळकं आपटून बसला आणि त्याची टोपी ऋषींच्या पायाशी आली. ऋषींनी टोपी उचलली आणि त्या भोकातनं गुप्त झाले. राक्षस मागं शिरला तर मधीच अडकला, बूच बसल्यासारखा.

सगळे हसले. सखुबाईच्या चिमट्यांनी पाठ बधिर झाली होती, त्यामुळं मला काही कळलं नाही.

“मग?” नानांनी विचारलं.

“मग ऋषींनी त्याचीच टोपी घालून त्याला सलाम ठोकला.” मी पाय जुळवून करून दाखवला.

“आन् टोपीचं काय केलं ऋषींनी?”

“नेली घरी.”

“ऋषींना घर हुतं?”

आता आली का पंचाईत? मी म्हटलं, म्हणजे आश्रम. नानांनी छताच्या त्या भोकाकडं पाहिलं. मग हातानं त्याची रुंदी मापल्यासारखी केली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, “हं.”

जेवताना, परतताना मी आपला मनात खूश. एवढी मोठी लाँचभर थाप पचली, पाहुणे भक्त होऊन परत चालले, कावेरीचं लग्न ऋषींच्या आशीर्वादानं पक्कं. कावेरी जवळ येऊन म्हणाली, “आबा, ह्यातलं किती खरं?” मी म्हटलं, सगळं. आणि गंमत बघा, तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं तरी चाललं असतं. तपशील सगळे खरे होते, फक्त ऋषी खोटा होता.

घरी आलो. बायका चहाला लागल्या. नाना पाय धुवायला गोठ्याकडच्या नळावर गेले. बराच वेळ झाला तरी परतले नाहीत. मग तिथूनच हाक आली, “किसनराव, जरा हिकडं या.”

गेलो. नाना कोनाड्यासमोर उभे होते. तांबडी कोंबडी टोपीत बसून त्यांच्याकडं रोखून बघत होती आणि ते तिच्याकडं.

नानांनी आपली पांढरी टोपी काढली. कपाळाच्या वर, केसांच्या आत, एक जुनी खोक. बोटभर लांब. वरून माईंनी लावलेली काजळी.

“त्या राक्षसाला पाच टाके पडले,” नाना शांतपणे म्हणाले. “आन् साहेबाला लिहून द्यावं लागलं, टोपी वाऱ्यानं उडाली म्हणून. वारा नव्हता त्या दिवशी.”

मला ना, त्या क्षणी छताला भोक पाहिजे होतं. गोठ्याला नव्हतं. पत्रा आहे.

मास्तर नव्हते हो ते. दारूबंदी खात्यात जवान म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कावेरीला ठाऊक होतं. पण तिला मी कधी विचारलं नव्हतं, आणि कपार कसली ते तिला मी कधी सांगितलं नव्हतं. दोन्ही टोकांनी चूक माझीच.

मागं पाहिलं तर कावेरी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात थाप येईना. शोधली, पण सापडेना.

नानांनी विचारलं, “भट्टी बंद कवा केली?”

“भाऊसाहेबाच्या जन्माच्या साली,” मी म्हटलं. “तुमच्या धाडीनंतर चार महिन्यांनी. त्यानंतर ना पाडली, ना प्यालो. पोराची आण.”

“हे खरं कशावरनं धरू? दिवसभर ऐकतोय मी तुमचं.”

तेवढ्यात सखुबाई पदराला हात पुशीत पुढं आली. पाहुण्यांसमोर ती कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली.

“खरं हाय, नाना. ती मडकी ह्यांनी न्हाई फोडली, मी फोडली. पोटात पोर हुतं, सातवा महिना. दगड घेतला आन् एकेक करून फोडली. म्हटलं, येणाऱ्या लेकराला बाप पायजे, ऋषी नगं. माईंनी पदरात बांधलंय ते माझ्या हातचं खापर हाय.”

कोंबडी टोपीत अंग सारखं करून बसली. नानांनी सखुबाईकडं पाहिलं. मग कावेरीकडं. मग पुढं होऊन त्यांनी ट्रेमधला एक कप उचलला आणि फुंकर मारून घोट घेतला.

मघाशी सांगितलं ना, ज्या घराला वास त्या घरचं पाणी घेत नाहीत? त्यांनी चहा घेतला. कावेरीनं डोळे पुसायला हात वर नेला आणि ट्रे माझ्या हातात कोंबला.

“माझ्या घरात आजवर दारूचा थेंब शिरला न्हाई,” नाना चहा पिता पिता म्हणाले, “आन् आज मडकं चाललंय, ते बी देव्हाऱ्यात. आमच्या म्हातारीला ह्यातलं काई सांगायचं न्हाई. ती आता रोज फुलं वाहणार त्याला, आन् मी रोज बघणार.”

मला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो. चटकन वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, गुरुजी... म्हणजे नाना, मोठ्या मनाचं माणूस तुमी, झालं गेलं गंगेला मिळालं, लग्नात तुमचा मानपान बघा कसा करतो.

नानांनी कप खाली ठेवला. पांढरी टोपी पुन्हा डोक्याला घातली, नीट, दोन्ही हातांनी.

“ऋषिमहाराज,” ते म्हणाले, “मानपानाचं आत्ताच बोलून घेऊ, मागनं कटकट नगं. लग्नात मला टॉवेल द्या, नारळ द्या. नवी टोपी नगं. पिल्लं बाहेर आली की हीच धुवा, आन् भर मांडवात तुमच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवा. आन् त्या दिवशी सलाम जरा घाईत केला हुता तुमी. तो बी तवा नीट करा.”